शिक्का न बसलेले पाप

मोठी पापे करायला अंगात धमक लागते. बँक लुटायची तर धावता यायला हवे, आणि मला जिना चढतानाच दम लागतो. त्यामुळे दहा आज्ञांपैकी बऱ्याचशा मी निव्वळ आळसापोटी पाळत आलो आहे. राहता राहिली बारीकसारीक पापे. ती मात्र मी अगदी निगुतीने करतो.

ही १९७८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला राहत होतो. आलेल्या पत्रावरच्या तिकिटावर कधी कधी शिक्का बसलेला नसे. असे पाकीट दिसले की मी बशीत पाणी घेऊन बसे. तिकीट अलगद सुटले की खिडकीच्या काचेवर वाळवायचे आणि गोंद लावून पुन्हा कामाला जुंपायचे. या उद्योगात माझा मदतनीस म्हणजे आमचा दहा वर्षांचा थोरला.

“अहो, हे बरं दिसतं का?” असे हिने एकदा विचारले.

“अगं, यातून जातात काय? नाताळची भेटकार्डं! म्हणजे देवाचंच काम की!”

त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला शौल राजाची गोष्ट घेतली. अमालेकी लोकांचे काहीही राखायचे नाही, असा शौलाला हुकूम होता. त्याने टाकाऊ तेवढे मारून टाकले आणि गुबगुबीत मेंढरे राखली. त्यांचा राजा अगाग, तोही राखला. वर शमुवेल संदेष्ट्याला सांगतो, मी आज्ञा पाळली! म्हातारा विचारतो, मग ही मेंढरे कसली ओरडताहेत? तर म्हणे, ती देवाला अर्पण करायला ठेवलीत, आणि ठेवली ती लोकांनी! मला त्या राजाविषयी एकदम आपुलकी वाटली. तरीही उपदेश दुसऱ्यांसाठी आहे, अशा खात्रीने मी शेजारच्या बाकाकडे पाहत राहिलो. थोरला मात्र माझ्या मांडीला टेकून कान देऊन ऐकत होता.

पुढच्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. थोरल्याने प्रगतिपुस्तकात गणिताच्या ३१ चे ३९ केले होते. एकाचा नऊ. मी हात उगारला. तो कळवळून म्हणाला, “पप्पा, पण शाळेचा शिक्का कुठं बसला होता त्यावर?”

हात तसाच खाली आला. घरात शांतता पसरली आणि त्या शांततेत मला मेंढरे स्पष्ट ऐकू आली.

पाप लहान की मोठे हे आपण चोरलेल्या वस्तूच्या किमतीवरून ठरवतो. संत ऑगस्टीनने सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली आणि बरीचशी डुकरांपुढे टाकली. चाळिशी उलटून बिशप झाल्यावरही त्याला ती विसरता आली नाहीत. पानेच्या पाने लिहून त्याने त्या चोरीचा छडा लावला. माणूस वेडा नव्हता. फळे क्षुल्लक होती. ‘मला चालतं’ असे म्हणणारे मन क्षुल्लक नव्हते. शौलाचेही तेच. समजा, त्याने आज्ञा रुपयात पंधरा आणे पाळली. पण सोडायचा आणा कोणता हे त्याने स्वतः ठरवले. म्हणजे उरलेले पंधरा आणेही त्याने स्वतःच्याच मर्जीने पाळले. यात देवाचा हुकूम कुठे आला? आणि मी पोराला गणिताच्या आधी हेच गणित शिकवून ठेवले होते.

भरपाई करायचे ठरवले. जक्कयाने लोकांना चौपट परत करायचे कबूल केले होते. पण तो सुखवस्तू जकातदार, मी कारकून. मी एकास एक असा तह केला. हिशेब तेवीस तिकिटांचा निघाला. पोस्टातून तेवीस कोरी तिकिटे आणली आणि थोरल्याला समोर बसवून एकेक फाडू लागलो.

बावीस फाडली. तेविसावे हातात घेतले आणि घुटमळलो. तिकीट मोठे देखणे होते. शिवाय सासूबाईंना पत्र जायचे होते, आणि वडीलधाऱ्यांचा मान राखावा ही तर देवाचीच आज्ञा!

थोरल्याने माझ्याकडे टक लावून पाहिले आणि हळूच म्हणाला, “बें!”

फाडले.