शब्दाचा गुन्हा



पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्याला दोन शब्द हमखास ऐकू येतात : दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र असेल तर नोंद होते, पण तपासासाठी मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. ही वाटणी मात्र राहिली. खून दखलपात्र व अजामीनपात्र, साधी शिवीगाळ अदखलपात्र व जामीनपात्र. हे योग्यच आहे. बांधावरच्या प्रत्येक भांडणाला कोठडी दाखवली तर पेरणीला माणूस उरायचा नाही!

पवित्र ख्रिस्तसभाही सगळी पापे एका मापाने मोजत नाही. बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि स्वखुशीची संमती, ही तिन्ही असतील तेव्हाच ते महापाप. पण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू खुनापासून सुरुवात करतो आणि लगेच भावावरचा राग व त्याला दिलेली शिवी न्यायसभेपुढे उभी करतो. आपल्याला ते जास्तच कडक वाटते. शब्दाने का कोणी मरते?

निदान आपण नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसांनी तरी हे विचारू नये. पोर तापाने दगावते, बैल मरतो आणि पाड्यावर एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवले जाते : डाकीण. मग येणेजाणे बंद, पाणी बंद, मारहाण. कधी जीवही जातो. म्हणून 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने, कोणी करणी करते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड 5,000 ते 50,000 रुपये. एरवी हलका वाटणारा शब्द इथे कायद्यानेच जड मानला आहे.

"आम्ही बोललो नाही, नुसते ऐकले," असे आपण म्हणतो. कायद्यापुढे ते कदाचित चालेल. पण मान डोलावली, भगताकडे जाणाऱ्यांबरोबर दोन पावले चाललो, ते पापनिवेदनात सांगावेच लागेल. तिथेही काम पुरे होत नाही. चोराला चोरीचा माल परत द्यावा लागतो, तसे हिरावलेले नावही परत द्यावे लागते. धर्मगुरूंच्या कानात सांगून ते परत मिळत नाही. ज्या पारावर बोललो, त्याच पारावर, त्याच माणसांसमोर ते खोटे होते असे सांगावे, आणि तिच्या घरी जाऊन पाणी मागून प्यावे.