पट्टा

दिवाळीच्या खरेदीची यादी आमच्या घरी सौभाग्यवती करते आणि पिशव्या मी उचलतो. या कामवाटणीबद्दल माझी तक्रार नाही. यंदाच्या यादीत उटणे, पणत्या आणि चिवड्याचे पोहे यांच्या खाली शेवटची ओळ होती : ‘आईंच्या घड्याळाचा पट्टा.’ साऱ्या यादीत हलका जिन्नस तोच; पण त्याच्याच ओझ्याने मी अधिक दमलो.

आई जुन्या सांगवीत राहते. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यातले ते घर सोडायला ती तयार नाही. मी नव्या सांगवीत, चौथ्या मजल्यावर. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली. फारसे लागले नाही, पण मी घाबरलो आणि तिच्यासाठी एक स्मार्टवॉच घेऊन आलो. नाडीचे ठोके, चाललेली पावले, रात्रीची झोप, सारे ते मोजते आणि माझ्या फोनवर धाडते. घड्याळ आईच्या हातात आणि पाहायचे मात्र मी, असा हा नवा प्रकार!

उन्हाळ्यात त्या रबरी पट्ट्याखाली घाम साचून आईच्या मनगटावर पुरळ उठले. तिने पट्टा सैल करवून घेतला. सैल होताच माझ्या फोनवरचे आकडे गडबडू लागले. या घड्याळाच्या पोटाशी एक हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीत शिरतो, रक्त त्यातला काही शोषून घेते, आणि परत येणारा उजेड कमीजास्त होतो त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळ अंगाला नीट चिकटून बसले नाही तर सारा हिशेब चुकतो. म्हणजे घट्ट बांधावे तर आईला त्रास, सैल सोडावे तर मला काळजी.

दुकानात गेलो. घड्याळजी म्हातारे होते. त्यांनी प्रथम रुंदी विचारली. पट्टे अठरा, वीस, बावीस मिलिमीटर अशा मापांत येतात. मी घरून मोजून नेले होते, वीस. मग त्यांनी काचेवर पट्टे मांडले : चामड्याचा, पोलादी जाळीचा, पुन्हा रबरीच, आणि एक विणलेल्या कापडाचा. मी एकेकाचे गुण विचारीत होतो. ते थोडा वेळ उत्तरे देत राहिले आणि मग म्हणाले, “मास्तर, घड्याळाचं सांगितलंत. हाताचं सांगा. बांधणार कोण? त्या स्वतः, की दुसरं कुणी?”

मला उत्तर देता येईना. आईची बोटे संधिवाताने आखडली आहेत. एका हाताने बक्कल लावणे तिला जमत नाही. सकाळी कामाला येणारी बाई पट्टा बांधून जाते, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तो आईला काढता येत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी त्याचा विचार केला नव्हता.

पट्टा हा शब्द मोठा गमतीचा आहे. कमरपट्टा म्हटले की अलंकार आठवतो, दांडपट्टा म्हटले की शौर्य. पण पट्टेवाला म्हटले की कोणाचा तरी चाकर उभा राहतो, आणि गळ्यातला पट्टा म्हटले की त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे ते पाहावे लागते. महात्मा गांधी आपले घड्याळ कमरेला लटकवीत. पुरुषांच्या मनगटावर ते सर्रास आले ते 1914 ते 1918च्या महायुद्धात. त्याआधी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना मानला जाई. खंदकातल्या शिपायाला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून घड्याळाला पट्टा आला. हात मोकळे राहावेत म्हणून जो आला, तोच माझ्या आईच्या हाताला जड झाला होता.

माझ्या वडिलांचे एचएमटी अजून माझ्या कपाटात आहे. हे घड्याळ 1961 पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला होऊ लागले. तो घड्याळाचा धंदा बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला, पण वडिलांचे घड्याळ चावी दिली की आजही चालते. पिंपरीच्या कारखान्यातून आले की ते पहिल्यांदा पट्टा सोडून घड्याळ खिडकीत ठेवीत. त्यानंतर ते आमचे असत. सोडता येत होता म्हणूनच तो पट्टा त्यांना कधी जाचला नाही.

कोणी म्हणेल, प्रेमाचे बंधन हे दुसऱ्यानेच बांधायचे असते. राखी काय भाऊ आपली आपण बांधतो? लग्नातले काकणही दुसराच बांधतो. खरे आहे. मीही दुकानातून परतताना मनाशी हेच म्हणत होतो. पण राखीच्या वेळी भावाने आधी हात पुढे केलेला असतो. बांधणाऱ्याची माया कितीही खरी असो, हात ओढून बांधलेल्या धाग्याला राखी म्हणत नाहीत. आणि माझी माया तरी निर्भेळ होती का? घड्याळ येण्यापूर्वी मी रोज संध्याकाळी जुन्या सांगवीला जात असे. आकडे येऊ लागल्यापासून आठवड्यातून एकदा जाऊ लागलो. आईची नाडी कळत होती. मग आई कशी आहे हे विचारायला वीस मिनिटे चालायचे कशाला? मी काळजी विकत घेतली नव्हती, काळजीतून सुटका विकत घेतली होती. तिचे बंधन आईच्या हातावर पडले.

त्या संध्याकाळी मी कापडी पट्टा घेऊन गेलो. दाबला की चिकटणारा, ओढला की सुटणारा. आईला म्हटले, “हे घड्याळ नकोच असेल तर तसं सांग. मी परत नेतो.”

तिने पट्टा उलटसुलट करून पाहिला. एकदा ओढला, एकदा दाबला. म्हणाली, “रात्री नि न्हाणीघरात जाताना घालीन रे. तुला झोप लागत नाही ते मला कळतं. दुपारी मात्र काढून ठेवणार. दुपारी काय झालं ते बघायचं असेल तर येऊन बघ.”

आणि तिने हात पुढे केला.

आता दुपारी माझ्या फोनवर आईच्या नावापुढे काहीच दिसत नाही. शाळा सुटली की पावले आपोआप नदीकडे वळतात.