गोळी की प्रार्थना?



वावरकडील एका पाड्यावर मिस्सा संपल्यावर एका आईने आम्हाला विचारले, "फादर, पोराला गोळी देऊ का देवाकडं मागू? एक काय ते सांगा." प्रश्न साधा होता. पण तो विचारण्याची वेळ तिच्यावर आमच्यामुळे आली होती, हे आधी कबूल केले पाहिजे.

तिच्या बारा वर्षांच्या मुलाला फेफरे येते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि कित्येक महिने फिट आली नाही. एका रविवारी तिने सर्वांसमक्ष देवाचे उपकार मानले आणि मुलगा बरा झाल्याची साक्ष दिली. आम्हीही आनंदाने 'आमेन' म्हटले. गोळ्या चालू आहेत का, एवढे विचारायचे मात्र आम्हाला सुचले नाही. आता गोळीची गरज उरली नाही, असा तिने आमच्या 'आमेन'चा अर्थ घेतला. काही दिवसांनी मुलगा चुलीपाशी पडला आणि त्याचा हात भाजला.

तेव्हा तिच्या प्रश्नाला नीट उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. त्यासाठी ही गोळी मेंदूत काय करते ते आधी पाहू या.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपाने धावतो. परंतु दोन पेशींच्या मध्ये बारीकशी फट असते. तेथे पहिली पेशी एक रसायन सोडते आणि कुलपात किल्ली बसावी तसे ते दुसऱ्या पेशीवर ठरावीक जागी बसते. काही रसायने 'चल' म्हणतात, काही 'थांब' म्हणतात. 'थांब' म्हणणाऱ्या मुख्य रसायनाचे नाव 'गाबा'. या दोहोंच्या तोलावर आपले चालणे, बोलणे, झोपणे, रागावणे अवलंबून असते. मेंदूवर काम करणारी बहुतेक औषधे या फटीपाशीच काही ना काही करतात. ती निरोप वाढवतात, अडवतात किंवा त्याची नक्कल करतात.

फेफऱ्यात असंख्य पेशी एकाच वेळी 'चल, चल' करू लागतात. मुसळधार पावसात भातखाचराचा बांध फुटावा, तसे होते. त्या मुलाची गोळी होती फेनोबार्बिटोन. ही स्वस्त आणि जुनी गोळी १९१२ सालापासून फेफऱ्यावर दिली जाते. 'गाबा'ने उघडलेला 'थांब'चा दरवाजा ती अधिक वेळ उघडा ठेवते. ती पाऊस थांबवत नाही, बांध मजबूत करते. मेंदूला तिची सवय झालेली असते. म्हणून ती एकाएकी बंद केली की बांध पूर्वीपेक्षाही जोराने फुटू शकतो. योग्य उपचार मिळाले तर शंभरातील सत्तरांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण उपचार म्हणजे रोजची गोळी, आणि ती बंद कधी करायची हे डॉक्टरांनी ठरवायचे.

आता एक अवघड गोष्ट. मोहाची दारूसुद्धा याच दरवाजावर काम करते. तीही 'थांब'चा निरोप वाढवते आणि 'चल'चा दाबते. भले-बुरे जोखणारा मेंदूचा भाग लवकर सुस्तावतो, म्हणून माणूस आधी बडबडतो. मग पाय लटपटतात. फारच झाली तर श्वासही थांबतो. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू हळूहळू आपला स्वतःचा 'थांब' कमी करतो, आणि अशा माणसाने दारू एकदम सोडली तर त्यालाही थरथर सुटते, फिट येते. दरवाजा एकच, त्यातून गोळीही जाते आणि दारूही.

येथे कोणी विचारील, "फादर, चिमूटभर रसायनाने माणसाचा राग, आनंद, शुद्ध-बेशुद्ध सारे बदलते, तर मग आत्मा राहिला कुठे?" शिकल्या-सवरल्या तरुणांच्या मनात हा प्रश्न असतो, आणि तो दडपू नये.

आपला तारपा घ्या. त्याच्या भोपळ्याला तडा गेला तर सूर फाटतो. म्हणून वाजवणारा नाहीसा झाला असे आपण म्हणत नाही. आणि तड्यावर मेण लावले तर वाजवणाऱ्याचा अपमानही होत नाही. परंतु ही उपमा अर्ध्यावरच थांबते. वाजवणारा तारपा खाली ठेवून घरी जाऊ शकतो, आपण शरीर बाजूला ठेवून जगू शकत नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, आत्मा हा शरीरात मुक्कामाला आलेला पाहुणा नव्हे, तर त्या शरीराला माणूसपण देणारे रूपच आहे. व्हिएनच्या धर्मपरिषदेने १३१२ साली हीच शिकवण मान्य केली. म्हणूनच मेंदू बिघडला की मन बिघडते, याचे आपणा ख्रिस्ती लोकांना आश्चर्य वाटू नये. मेंदूवरचा उपचार हा अख्ख्या माणसावरचा उपचार आहे, आणि आत्मा काही त्याबाहेर उभा नसतो.

मग गोळी आणि दारू यांत फरक काय? लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या एकुलत्या एका मुलाला येशूकडे आणतो. मुलाला झटके येतात, तोंडाला फेस येतो. प्रभू त्याला बरे करतो, आणि पुढे लूक एक छोटीशी गोष्ट नोंदवतो: येशूने मुलाला त्याच्या बापाच्या स्वाधीन केले. संत पौलाने लूकला वैद्य म्हटले आहे. वैद्याच्याच नजरेला हे दिसावे, असे आम्हाला वाटते. माणूस बरा झाला म्हणजे तो आपल्या माणसांना परत मिळाला.

आमच्या मते कसोटी हीच आहे. जे माणसाला स्वतःकडे आणि आपल्या घराकडे परत आणते ते औषध, आणि जे त्याला त्यांच्यापासून दूर नेते ते व्यसन. दुकानातून मनानेच घेतलेली झोपेची गोळीही या कसोटीवर नापास होऊ शकते. उलट मरणवेदनेत तळमळणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन उत्तीर्ण होते. पोपमहोदय बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितले की, दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाची इतर कर्तव्ये आड येत नसतील, तर शुद्ध मंदावली तरी वेदनाशमन करणे योग्य आहे.

ही कसोटी लावताना कोणाला हिणवू मात्र नये. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला आपला भाऊ म्हणतो, "अंग ठणकतं, झोप येत नाही, हेच आमचं औषध." त्याचा ठणका खोटा नाही. पण हे औषध त्याची मजुरी आणि मुलांचा बाप दोन्ही घेऊन जाते. व्यसन हाही आजार आहे. रोज पिणाऱ्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावे, आणि आपण त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करावी.

भगताविषयीही दोन शब्द. तो रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसतो, आपण पुष्कळदा तेवढेही बसत नाही. पण कांदा-चप्पल हुंगवणे आणि डागणे यांनी फेफरे जात नाही. शुभवर्तमानात अशुद्ध आत्म्याचा उल्लेख आहे हे खरे, परंतु मत्तय चौथ्या अध्यायात भूतग्रस्त आणि फेफरेकरी यांची नावे वेगवेगळी देतो. फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, त्याला चूल आणि पाण्यापासून दूर ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.

मग प्रार्थना कशासाठी? १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी आपल्या भागाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला कळले. त्या लेकरांना प्रार्थना कमी पडली नव्हती, अन्न आणि औषध कमी पडले होते. देवाकडे मागणे म्हणजे आपले हात बांधून बसणे नव्हे. बेनसिराच्या ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायात, औषधे जमिनीतून उपजवणारा परमेश्वरच आहे असे सांगून, आजारपणी प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, असा सल्ला दिलेला आहे. दोन्ही एकाच परिच्छेदात आहेत.

त्या आईला आम्ही हेच सांगितले, आणि आमच्या चुकीबद्दल तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "म्हंजे दोन्ही." होय, दोन्ही. दर महिन्याला पाडा उतरून, एसटी धरून ती जव्हारहून गोळ्या आणते. ते चालणेही तिची प्रार्थनाच आहे. मुलगा पुन्हा गोळी घेतो आहे. हाताचा डाग राहिला आहे.

यापुढे आपल्या धर्मग्रामात कोणी आजारातून बरे झाल्याची साक्ष दिली, तर आम्ही 'आमेन' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारणार आहोत: "गोळी चालू आहे ना?" कोणी राग मानू नये. आपणही आपल्या शेजाऱ्याला तो विचारावा.