रानात सोडलेला इग्वाना

पाळलेला प्राणी नकोसा झाला की त्याला झाडीत सोडून द्यावं, तिथे तो सुखाने राहील, असं मानणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेकदा त्यांना त्या जिवाची दयाच येते. पण हिरव्या इग्वानाच्या बाबतीत ही दया घातक आहे, आणि मुंबईच्या उपनगरांत तर अधिकच. एका बाजूला अंधेरीचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला बोरिवली-मुलुंडच्या मधलं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, आणि मध्ये हौसेने प्राणी पाळणारी लाखो घरं.

हा सरडा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. इथे तो माणसाच्या हौसेपायी येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईच्या हवाई मालवाहू संकुलात एक खेप अडवली. कागदोपत्री शोभेचे मासे. आत अजगर, कासवं, इग्वाना असे ६६५ प्राणी. त्यांतले ११७ मेलेले होते.

विकत घेताना इग्वानाचं पिल्लू वीतभर असतं, पोपटी, हातावर शांत बसणारं. काही वर्षांत तेच शेपटीसकट पाच फुटांचं होतं आणि बिथरलं की शेपटीचा फटका मारतं. घाटकोपरच्या वन बीएचकेत त्याला खिडकीशी ठेवतात, ऊन मिळावं म्हणून. ऊन मिळतंही, पण कॅल्शियम अंगी लागायला हवे असलेले अतिनील किरण बरेचसे काचेतच अडतात. मग जबडा मऊ पडून सुजतो, पाय वाकतात, फांदी धरता येत नाही. असा पंगू जीव उद्यानाला लागून असलेल्या आरेच्या झाडीत सोडणं म्हणजे त्याला कुत्र्या-घारींच्या पुढ्यात टाकणं.

आणि धडधाकट असेल तर? मग काळजी उद्यानाची. फ्लोरिडातही इग्वाना बाहेरूनच आलेला; तिथे कडाक्याची थंडी पडली की इग्वाना गारठून झाडांवरून खाली पडतात. मुंबईत तेवढा अडसरही नाही. पाला, फुलं, जास्वंद, पपई यांवर तो मजेत जगतो आणि मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते. फ्लोरिडात त्यांच्या बिळांनी कालव्यांचे काठ पोखरले. तैवानमध्ये दरवर्षी हजारोंनी मारावे लागतात. थायलंडच्या लोपबुरीतले शेतकरी पिकं खाल्ल्याची तक्रार घेऊन आले, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या सरकारने आयात बंद केली. इग्वाना तोवर शेतात पोचले होते. आपल्या बागेतल्या सरड्याचे भाऊबंदही सिंगापुरात असेच परके, आणि तिथल्या मूळच्या हिरव्या सरड्याला त्यांनी बागांमधून मागे रेटलं. तेव्हा दोष प्राण्याच्या जातीचा नाही, त्याला परक्या ठिकाणी नेऊन सोडणाऱ्या माणसाचा आहे, हे मला ठासून सांगायचं आहे. इग्वाना दिसला म्हणून काठ्या घेऊन धावणं हाही अन्यायच.

आपल्याकडे कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांनी नोंदणी करावी, यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली. याच दुरुस्तीने घुसखोर परक्या प्रजातींची आयात, विक्री, बाळगणूक रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला. इग्वाना मुंबईच्या रानात बस्तान बसवेपर्यंत तो अधिकार राखून ठेवण्यात शहाणपण नाही. विक्री आजच बंद व्हावी.

पण नुसत्या बंदीने भागणार नाही. ज्याच्याकडे दुकानाची पावती नाही, नोंदणीची मुदत हुकली आहे, तो माणूस दंडाच्या धास्तीने काय करेल? रात्री गाडी काढेल आणि उद्यानाच्या कडेच्या येऊरच्या नाहीतर आरेच्या रस्त्याला लागेल. म्हणून वन विभागाने आणि महापालिकेने उपनगरांत अशी ठिकाणं उभारावीत, जिथे प्राणी आणून देणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही आणि त्या प्राण्याला सरपटणाऱ्यांची जाण असलेला पशुवैद्य तपासेल. त्याचा खर्च परवानाधारक विक्रेते आणि प्रजनन करणाऱ्यांकडून वसूल करावा. नफा त्यांनी घेतला आहे.