उरलेले आठ भाग

प्रोग्रामिंग शिकलेली मुलं विचारतात, पायथॉन झालं, जावा झालं, आता पैसे कधी सुरू होणार? प्रश्न रास्त आहे. घरचेही तोच विचारत असतात. पण उत्तर म्हणून ती तिसऱ्या भाषेचा क्लास लावतात, तिथे वाट चुकते. पैसे भाषेचे मिळत नाहीत, कुणाचं तरी अडलेलं काम मार्गी लावल्याचे मिळतात.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचंच बघा. श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला लावलं. १९८६ साली बंगळुरूत त्यातून कंपनी उभी राहिली. इथे गिऱ्हाईक आधी होतं, प्रोग्राम नंतर आला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

समजा, तुम्ही सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलांचा प्रोग्राम लिहिलात. तुमच्या लॅपटॉपवर तो झकास चालतो. सेक्रेटरींच्या हाती दिला की खरं काम सुरू होतं. कुणी तीन महिन्यांचे एकदम भरतं, कुणी निम्मेच. कुणाचा चेक परत येतो. फ्लॅट मध्येच विकला गेला, तर थकबाकी कुणाच्या नावावर दाखवायची? आणि पैशांचं गणित तर फारच जपून करावं लागतं. पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण संगणक हे अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतो आणि ते त्याला नेमके मांडता येत नाहीत. मग पूर्ण पैसे भरलेल्या सभासदालाही प्रोग्राम थकबाकीदार ठरवू शकतो. म्हणून रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवायची. असल्या गोष्टी क्लासमध्ये कानावर पडतात, पण अंगवळणी पडतात त्या दुसऱ्याचे पैसे गुंतलेले असताना.

आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणकांवर काम केलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात याचा हिशेब मांडला आहे. स्वतःपुरता चालणारा प्रोग्राम इतरांनी बिनघोर वापरावा असा करायला तिप्पट कष्ट. तो मोठ्या यंत्रणेचा भाग करायचा तर आणखी तिप्पट. म्हणजे एकूण नऊपट. आपण शिकतो तो त्यातला एक भाग. उरलेल्या आठांत चाचणी येते, बॅकअप येतो, आणि समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून घेणंही येतं. नोकरीतही नवख्याला बहुधा कुणीतरी लिहून ठेवलेला जुना कोड मिळतो आणि त्यातली चूक शोधायला सांगतात.

म्हणून एक ओळखीतलं काम धरावं आणि वापरणाऱ्याच्या शेजारी बसून तो कुठे अडखळतो ते पाहावं. मोबदला थोडा का होईना, घ्यावाच. फुकटच्या कामात कुणी चुका सांगत नाही. आणि ३१ मार्चच्या रात्री ताळेबंद जुळला नाही, तर ती दुरुस्ती ठरलेल्या पैशांतच करायची की वेगळ्या, हे आधी बोलून लिहून घ्यावं.