पश्चिमेची खिडकी

मुंबई-पुण्यात जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या बैठका सध्या जोरात आहेत. वाढीव कार्पेट किती, कॉर्पस किती, पार्किंग एक की दोन, भाडं किती महिने मिळणार, यावर रात्री उशिरापर्यंत खल होतो. खिडकीचा विषय निघालाच, तर अ‍ॅल्युमिनियमची की यूपीव्हीसीची, एवढ्यावर मिटतो. ती कोणत्या दिशेला असेल, तिच्यावर छज्जा असेल का, ती उघडेल किती, हे सहसा कोणी विचारत नाही. खिडकी ठरवणारा त्या घरात राहणार नसतो आणि राहणाऱ्याला आपण काही ठरवू शकतो याची कल्पना नसते. खरी अडचण इथे आहे.

साध्या एकेरी काचेतून उन्हाची जवळजवळ ऐंशी टक्के उष्णता आत येते. त्या उन्हाने फरशी, भिंती, गादी तापतात, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता काच तितक्या सहज बाहेर जाऊ देत नाही. आतून जाड पडदा ओढला की अंधार होतो, डोळ्यांना बरं वाटतं. पण ऊन तोवर घरात शिरलेलं असतं. ते अडवायचं तर काचेच्या बाहेरच. छज्जा, बाहेरून सोडलेली चिक, जुन्या इमारतींतल्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिली यांचं काम तेच. गोव्यातल्या जुन्या घरांना शिंपल्यांची तावदानं असत; उजेड मऊ होऊन आत येई आणि उन्हाची तिरीप बाहेरच राही.

दिशेचं गणितही आपल्या आकाशातच मांडलेलं आहे. मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे ऐन मे-जूनच्या दुपारी दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जासुद्धा पुरतो. पश्चिमेला तो पुरत नाही. तिसऱ्या प्रहरानंतर ऊन तिरपं होतं आणि छज्ज्याखालून थेट आत घुसतं. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, झाड हवं, नाहीतर खिडकीच लहान हवी. तरीही सूर्यास्त दिसतो म्हणून पश्चिमेलाच जमिनीपासून छतापर्यंत काच लावलेले फ्लॅट जास्त दराने विकले जातात. ही ग्राहकाची फसवणूक आहे, मग ती कायद्यात बसत असो वा नसो.

दुहेरी काचेबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. थंड देशांत बाहेर शून्याखाली आणि आत वीस अंश असताना ती अमूल्य ठरते. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत, एसी चालणाऱ्या घरातही तिचा उपयोग होतो. मुंबईत मात्र आत-बाहेरच्या तापमानात फार अंतर नसतं. तिथे तोच पैसा छज्ज्यावर आणि ऊन रोखणाऱ्या काचेवर घालावा.

आणि दमट हवेत सगळ्यात मोठा प्रश्न वाऱ्याचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. उष्ण-दमट भागात खिडक्या, बाल्कनीची दारं आणि झरोके मिळून उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावा, असं ती सांगते. सहाशे चौरस फुटांच्या घराला शंभर चौरस फूट. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, झडपेची सुमारे नव्वद टक्के. बहुतेक नव्या इमारतींत सरकतीच दिसते.

मग एसी येतो. त्याचं बाहेरचं यंत्र गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीवर फेकतं आणि शेजारी खिडकी लावून घेऊन स्वतःचा एसी सुरू करतो. भाड्याच्या घरात खिडकी मालकाची आणि बिल भाडेकरूचं. चुकीच्या खिडकीची किंमत अशी दुसऱ्याच्या खिशातून जाते.

काहींच्या बाबतीत ती आरोग्यातून जाते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधलं अंतर इतकं कमी आहे, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवे लावावे लागतात. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या 2018 च्या अभ्यासाने तिथल्या क्षयरोगाचा संबंध या अपुऱ्या उजेडाशी आणि कोंडलेल्या हवेशी जोडला. तिथे खिडकी आहे, पण समोर भिंत. चांगली काच विकत घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. दोन इमारतींत किती जागा सोडायची, हे ठरवणाऱ्यांनी तो निर्माण केला आहे आणि सोडवायचाही त्यांनीच आहे.

म्हणून आराखड्यावर सही करण्याआधी वास्तुविशारदाला प्रत्येक खोलीची दिशा, छज्ज्याची खोली आणि खिडकीचा उघडणारा भाग नकाशावर लिहून द्यायला सांगा. आणि त्याच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत उभी राहणार असेल, तर तिच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीसमोर किती मोकळी जागा सोडली आहे, हेही त्याच बैठकीत विचारा.