अंथरुणापाशी कोणी यायचे?

जुन्या कॅथलिक घरांत आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यांपैकी कोणी हळूच विचारले, ‘फादरांना बोलवू या का?’ की बाकीच्यांच्या पोटात गोळा येई. आधी डॉक्टर, त्यांनी हात टेकले की फादर, असा क्रम ठरलेला असे. फादर तेलाची कुपी घेऊन उंबऱ्यात आले, की आपली वेळ भरली हे आजाऱ्याला न सांगता कळे. म्हणून कित्येक घरांत त्याची शुद्ध हरपेपर्यंत थांबत. ज्या संस्काराने धीर द्यायचा, त्याचीच धास्ती बसली होती.

हे तेल मुळात निरोपाचे नव्हते. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, सूचना साधी आहे: कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी त्याला प्रभूच्या नावाने तेल लावावे आणि प्रार्थना करावी. त्या काळी तेल हे घरगुती औषधच होते. लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, तो मलमपट्टी म्हणूनच. म्हणजे औषध आणि प्रार्थना एकाच हाताने येत होती. आजाऱ्याला उठवणाऱ्या प्रार्थनेसाठी याकोबाने जे ग्रीक क्रियापद वापरले, त्यात ‘बरे करणे’ आणि ‘तारणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. आपल्याला त्यासाठी दोन शब्द लागतात.

या सूचनेत दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. आजाऱ्याने कुठे जायचे नाही. तो पडून राहील, चालत यायचे ते इतरांनी. आणि विश्वासाने करायची ती प्रार्थनाही येणाऱ्यांची आहे. पडलेल्याचा विश्वास किती पक्का, हे तिथे कोणी मोजत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातही तेच. कफर्णहूमला पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटून त्याची बाज खाली सोडतात. येशूला दिसतो तो त्यांचा विश्वास. बाजेवरच्या माणसाने तोवर तोंडही उघडलेले नाही. रुग्णासाठी करायच्या प्रार्थनेचा पुढचा सारा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: विश्वासाचे ओझे कोणी उचलायचे?

सुरुवातीची काही शतके ते वाटून घेतलेले दिसते. इ. स. 416 मध्ये पोप पहिले इनोसंट एका पत्रात लिहितात, की बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल धर्मगुरूच नव्हे, तर सर्व ख्रिस्ती लोक स्वतःच्या आणि घरच्यांच्या गरजेला वापरू शकतात. थोडक्यात, ती फडताळातली बाटली होती. त्याआधी चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया शहराबाहेर बिशप बेसिल यांनी गोरगरिबांसाठी आणि रुग्णांसाठी वसाहतच उभारली. वैद्यक हे देवाचे देणे आहे, ते नाकारू नये, मात्र सगळी भिस्त त्यावरच टाकू नये, असे त्यांनी आपल्या मठवासीयांना सांगितले. अंथरुणापाशी येण्याला आता भिंती, खाटा आणि पगारी माणसे मिळाली.

मग वारे फिरले. मध्ययुगात तेल लावण्याचा अधिकार धर्मगुरूंपुरता उरला आणि तो विधी शेवटच्या पापकबुलीला जोडला गेला. प्रायश्चित्ते कडक असल्याने लोक ती अखेरच्या घटकेवर ढकलत. तेलही सोबत ढकलले गेले. बाराव्या शतकापर्यंत त्याचे नावच ‘अंतिम अभ्यंग’ झाले आणि 1439 मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने स्पष्ट केले, की ज्याच्या जिवाची धास्ती आहे त्यालाच ते द्यावे. दरम्यान 1215 च्या लॅटरन परिषदेने वैद्यांना आज्ञा केली होती, की रुग्णाला आधी धर्मगुरूला बोलवायला सांगा, कारण शरीराचा आजार कधीकधी पापातून येतो. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे शिष्यांनी विचारले होते, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले होते. बाराशे वर्षांनी तोच प्रश्न उशाशी येऊन बसला.

धर्मसुधारणेच्या काळात कॅल्व्हिनने तेल बाजूलाच केले. बरे करण्याचे वरदान प्रेषितांच्या काळापुरते होते, असे त्याचे म्हणणे. पण माणसे आजारी पडायची थांबत नाहीत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत योहान ख्रिस्टोफ ब्लूमहार्ट या पाळकाकडे दूरदूरचे दुखणाईत येऊ लागले. 1852 पासून बाड बोल इथे त्याने त्यांना राहायला जागा दिली. अमेरिकेत विश्वासाने बरे होण्याची चळवळ उभी राहिली आणि विसाव्या शतकात ती मोठमोठ्या तंबूंत, व्यासपीठांवर पोहोचली. तिने अनेकांना उभारी दिली, यात शंका नाही. पण इथे दिशा उलटली. आता आजाऱ्याने उठून रांगेत यायचे आणि विश्वासही त्यानेच दाखवायचा. काहींनी तर औषध सोडणे हीच विश्वासाची खूण मानली. बरे वाटले तर साक्ष द्यायची. नाही वाटले तर? ‘तुझाच विश्वास कमी पडला.’ आधीच अंथरुणाला खिळलेल्या माणसावर याहून मोठा बोजा टाकता येणार नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे मिरजेत विल्यम वानलेस नावाचा मिशनरी डॉक्टर प्रार्थना करणाऱ्या लोकांच्या पैशांतून शस्त्रक्रियागृह चालवत होता. त्याचे रुग्णालय 1894 चे. जवळच्या वानलेसवाडीला त्याचेच नाव आहे. तिथे खाटेवर येणाऱ्याला आधी विश्वास दाखवावा लागत नव्हता. मला ही याकोबाच्या अधिक जवळची वाट वाटते.

कॅथलिक तेलाची वाट 1963 मध्ये वळली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले, की याला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणेच अधिक योग्य. हा मरणाच्या दारात असलेल्यांपुरता संस्कार नाही. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला. कपाळाला आणि हातांना तेल. गंभीर शस्त्रक्रियेआधी, थकलेल्या म्हातारपणी, पुन्हा दुखणे वाढले तर पुन्हाही. ऑलिव्ह मिळत नसेल तर दुसरे वनस्पतीचे तेल चालेल, अशीही मुभा मिळाली. म्हणजे कोकणपट्टीत खोबरेल तेलालाही दार उघडले.

प्रार्थनेचा परिणाम मोजायचाही प्रयत्न झाला. 2006 मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या बायपासच्या 1802 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी दुरून प्रार्थना केली. त्यांच्या हाती रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर, एवढेच होते. प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ती थोडी जास्तच दिसली: 59 टक्के. प्रार्थना होईल की नाही याची खात्री नसलेल्यांत, मग ती झालेली असो वा नसो, हे प्रमाण 51–52 टक्के होते. ‘मी इतका आजारी आहे का, की माझ्यासाठी प्रार्थना मागवावी लागली?’ ही भीती त्यामागे असू शकेल, अशी एक शक्यता मांडली गेली. फादरांची चाहूल लागताच घाबरणाऱ्या त्या जुन्या घरांची इथे आठवण होते. देव आहे की नाही, हे अशा अभ्यासाने ठरत नाही. पण त्या प्रार्थनेत कोणी कोणाच्या उशाशी बसले नव्हते, कोणी कपाळाला हात लावला नव्हता, एवढे खरे.

कफर्णहूमचा तो माणूस शेवटी आपली बाज उचलून घरी गेला. वर छपराला भगदाड तसेच होते आणि ते पाडणारे चौघेही तिथेच कुठेतरी असणार. ते कोणी बुजवले, हे मार्क सांगत नाही. त्याच चौघांनी बुजवले असावे, असे मी धरून चालतो.